उत्तर काढायचं नव्हतं

गुरुवार, ९ जानेवारी

चौकटीच्या वहीत रोजनिशी लिहिणारी बाई दान्यूब नदीकाठच्या या अख्ख्या रुसे शहरात मी एकटीच असेन. पण रेघांच्या वहीवर माझा हातच चालत नाही. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आता बासष्टाव्या वर्षी काय डोंबल बदलणार!

लिहायला बसले, कारण एक गोष्ट मनात सलतेय आणि ती कुणाला सांगता येत नाही. नोव्हेंबरात मी एक जाहिरात लावली. माझ्या नवऱ्याने, मेतोदीने, ती लायब्ररीतल्या मशीनवर छापून आणली. ‘परदेशी बिझनेस कॉलेजांच्या प्रवेशपरीक्षेसाठी गणिताची तयारी. वासिल्का दोन्चेवा. शाळेतला पस्तीस वर्षांचा अनुभव. स्वतः ७६५ गुण.’ खाली फोन नंबरच्या पट्ट्या कातरलेल्या, ज्याला हवी त्याने फाडून न्यावी.

पस्तीस वर्षं खरी आहेत. ७६५ खोटे आहेत. मी ती परीक्षा दिलेलीच नाही. आठशेपैकी असते, एवढंच ऐकून माहीत होतं. मेतोदी म्हणाला, “पाच कशाला वर? सरळ सातशे साठ लिही की.” मी म्हटलं, “गोल आकडा खोटा वाटतो.” तो गप्प बसला. तीस वर्षं दान्यूबवर बोटी चालवलेला माणूस, कुठे गप्प बसावं हे त्याला कळतं.

का केलं? तर त्या लाचेझारमुळे. बत्तीस वर्षांचं पोरगं वार्नाहून येतं, औषधाच्या दुकानावर शिकवणीसाठी दोन खोल्या घेतं आणि दाराशी आपले ७४० गुण चौकटीत लावून बसतं. अन् मी, जिच्या वर्गातली मुलं ऑलिंपियाडची पदकं घेऊन यायची, ती मी घरी बसून मिरच्या भाजतेय. मला ते सोसवलं नाही. लिहून टाकलं. आता वाचताना कानशिलं तापतात.

मंगळवार, १४ जानेवारी

बिल्याना आली होती. माझ्याकडे शिकवणीला सध्या ती एकटीच. सातवीपासून बारावीपर्यंत माझीच विद्यार्थिनी. आता सत्तावीस वर्षांची, बंदराच्या कचेरीत मालाच्या याद्या करते. स्पेनमधल्या एका कॉलेजात तिला जायचंय. ६८० गुण पडले तर ते पूर्ण शिष्यवृत्ती देणार. एकही कमी चालणार नाही. अर्ज ३१ मार्चला बंद. शिष्यवृत्ती नसेल तर जाणं नाही, बंदरातच राहायचं. आणि तिथला तिचा साहेब तिला “ए याद्यावाली” म्हणतो.

त्या परीक्षेत एक विचित्र प्रकार असतो. प्रश्न देतात, त्याखाली दोन विधानं देतात, आणि विचारतात काय, तर उत्तर काढायला एवढी माहिती पुरेशी आहे का? एकटं पहिलं पुरतं? एकटं दुसरं? दोन्ही मिळून? की दोन्ही घेऊनही पुरत नाही? उत्तर काय ते कुणी विचारतच नाही. हे गणित आहे की बाजारातली चौकशी!

आजचा प्रश्न: तीन भावांचं सरासरी वय किती? एक, तिघांच्या वयांची बेरीज ८७. दोन, थोरला धाकट्याच्या दुप्पट.

बिल्याना म्हणाली, “बाई, बेरीज कळली म्हणजे सरासरी कळलीच ना? पहिलं विधान पुरे. थांबू का इथेच?”

“थांबायचं कशाला? तिघांची वयं काढ.”

“पण ती निघणार नाहीत बाई.”

“निघणार नाहीत ते सिद्ध कर. अर्धवट सोडवलेलं म्हणजे?”

“शून्य,” ती म्हणाली. सातवीत मी हे फळ्यावर लिहायचे. तिला अजून आठवतंय याचं मला फार बरं वाटलं. मग धाकटा अठरा असेल तर काय, एकोणीस असेल तर काय, अशी सगळ्या शक्यतांची यादी आम्ही दोघींनी केली. वीस मिनिटं गेली, पण पक्कं झालं.

कॉम्प्युटरवरच्या सराव परीक्षेत तिला ५९० पडलेत.

बुधवार, २२ जानेवारी

माझ्या जाहिराती कुणीतरी काढतंय! बेकरीपुढच्या खांबावरची गेली, बसथांब्यावरची गेली, लायब्ररीच्या दारावरची तर खिळ्यासकट गेली. पट्ट्या फाडल्या असत्या तर आनंद होता. अख्खा कागदच गायब.

बेकरीवालीला विचारलं. ती म्हणते, “मला काय विचारता बाई, मी पाव विकते.” आणि उगीचच फडक्याने काच पुसत बसली.

याला जबाबदार एकच माणूस, औषधाच्या दुकानावरचा. आणखी कुणाला माझ्या कागदाचं काय देणंघेणं? मेतोदीला म्हटलं, आणखी वीस छापून आण.

रविवार, २ फेब्रुवारी

आज जे केलं ते लिहायला हवं.

बाजारात लाचेझार दिसला. कोबी निवडत होता. मी सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि चारचौघांत म्हटलं, “तरुण माणसा, स्वतःत दम असेल तर दुसऱ्याचे कागद फाडावे लागत नाहीत.”

त्याने कोबी खाली ठेवला. “कुठले कागद, बाई?”

“साळसूदपणा नको. माझ्या जाहिराती.”

“मी कशाला फाडू?” तो इतका सावकाश बोलला की बायका थांबून ऐकायला लागल्या. “खरं सांगू? तुमची जाहिरात भिंतीवर राहिली तर माझाच फायदा आहे.”

“उद्धट!” मी म्हणाले आणि निघाले. कोबी घ्यायचा राहिला. घरी येऊन मेतोदीला सगळं सांगितलं, तर तो म्हणतो, “तू पाहिलंस का त्याला फाडताना?” पाहायला कशाला हवं! दोन अधिक दोन कळतात मला.

बिल्यानाला ६१० पडलेत. घड्याळ न लावता.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

मेतोदीने आज द्राक्षाचा वेल छाटला, रिवाजाप्रमाणे त्यावर वाईन शिंपडली आणि उरलेली स्वतः प्यायला. उद्या राजधानीत, सोफियात, बिल्यानाची परीक्षा. निघताना येऊन भेटून गेली. मी म्हटलं, “शांत डोक्याने प्रत्येक गणित शेवटापर्यंत ने.” ती म्हणाली, “हो बाई.”

रविवार, १६ फेब्रुवारी

५४०.

सराव परीक्षेपेक्षाही कमी. ती आज आली, कोट न काढताच खुर्चीवर बसली. गणिताचे सदतीस प्रश्न, पंचाहत्तर मिनिटं. शेवटचे अकरा तिने पाहिलेसुद्धा नाहीत. वेळ संपली.

“माझीच चूक बाई. मी फार हळू आहे.”

आणि मी काय म्हटलं? शब्दन् शब्द लिहिते: “घाबरलीस तू. नेहमीच घाबरतेस.”

ती नेहमी घाबरत नाही. ती कधीच घाबरत नसे. आठवीत शाळा तपासायला आलेल्या अधिकाऱ्याने फळ्यावर चूक केली, तेव्हा हात वर करून त्याला सांगणारी मुलगी ती. मी हे का म्हटलं, ते मला ठाऊक आहे आणि ते मला लिहायचं नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

लिहिते.

आज मेतोदी बाहेर गेल्यावर अंडी उकडायचं घड्याळ टेबलावर ठेवलं आणि परीक्षेसारखी बसले. एका प्रश्नाला दोन मिनिटं मिळतात. दोन मिनिटांनी घड्याळ वाजलं तेव्हा मी पहिल्याच प्रश्नाची मांडणी करत होते. सतरा एक्स अधिक तेवीस वाय असलं भयंकर समीकरण, त्याखाली दुसरं तसलंच. दोन वेगवेगळी समीकरणं, दोनच अज्ञात. उत्तर निघणार हे बघताक्षणी कळतं, दोन्ही मिळून पुरे, पुढे चला. मला हे कळलं होतं. तरी हात थांबेना. चार मिनिटं चाळीस सेकंद लागले. उत्तर अपूर्णांकात आलं आणि ते कुणालाच नको होतं.

त्या परीक्षेला हे कळून घ्यायचंय की तुम्हाला थांबता येतं का. आणि मी त्या मुलीला बारा वर्षांची असल्यापासून शिकवलं की थांबायचं नाही. तिने जानेवारीत मला विचारलंसुद्धा, “थांबू का इथेच?” मीच तिला थांबू दिलं नाही.

आता तिला सांगायला पाहिजे. सांगितलं की ती विचारेल, मग तुम्ही ७६५ कसे मिळवलेत?

उद्या सांगते.

सोमवार, २४ फेब्रुवारी

सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, “जरा हात चालव.” म्हणजे सगळी गणितं शेवटपर्यंतच, पण धापा टाकत! ती दमून गेली.

दुसरी संधी २९ मार्चला आहे. त्यानंतर अर्ज बंद.

शनिवार, १ मार्च

बिल्यानाने एक मार्चचा लाल-पांढरा दोरा माझ्या मनगटाला बांधला. “निरोगी राहा बाई, पांढऱ्याशुभ्र, लालबुंद.” मेतोदीलाही बांधला. तो म्हणाला, “लालबुंद मी आहेच, पांढरी ही होईल.”

मग वही उघडता उघडता तिने सहज विचारलं, “बाई, तुम्हाला पहिल्यांदा बसलात तेव्हा असंच झालं होतं का? वेळ कमी पडला होता का?”

दार उघडं होतं. नुसतं आत जायचं होतं. म्हणायचं होतं, अगं, मी बसलेच नाही.

मी म्हटलं, “नाही गं. मला पुरला वेळ.”

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. दमली असेल बिचारी. मग “बरं” म्हणाली आणि पेन्सिल तासायला लागली. एरवी ती कधी पेन्सिल तासत नाही, पेनाने लिहिते.

मला स्वतःची किळस येते.

शनिवार, ८ मार्च

बायकांचा दिवस. बिल्यानाने हायसिंथची कुंडी आणली. स्वयंपाकघरभर वास सुटलाय. मी तिला धड थँक्यूही म्हणू शकले नाही.

जाता जाता ती म्हणाली, “पुढच्या शनिवारी लाचेझारकडे एक सराव परीक्षा आहे, घड्याळ लावून. कुणीही बसू शकतं. जाऊ का?”

“जा की! नुसती जाऊ नकोस, तिथेच राहा. तुला तिकडेच बरं वाटत असेल तर माझ्याकडे वेळ कशाला घालवतेस?”

हे मी म्हटलं. मी! जिच्यामुळे तिचे इतके आठवडे पाण्यात गेले. ती म्हणाली, “राहू दे बाई, नाही जात.” आणि खरंच जाणार नाही ती, मला माहीत आहे. हायसिंथची कुंडी मी मागच्या खिडकीत नेऊन ठेवली.

सोमवार, १० मार्च

ठरवलं. परीक्षेला बसायचं. १९ तारखेला सोफियात जागा मिळाली. एकदा बसले की निदान काहीतरी खरं होईल. गुण चांगले पडले तर तिला सांगेन की हे बघ, असं करायचं. चांगले पडले नाहीत तर... पडतील. गणितच आहे ना शेवटी.

मेतोदीला सांगितलं, बहिणीकडे जातेय सोफियाला.

बुधवार, १९ मार्च, सोफियात, बहिणीकडे

पहाटे मेतोदीने बसपर्यंत सोडलं. डब्यात चीज भरलेली बानित्सा दिली आणि म्हणाला, “घड्याळाकडे लक्ष ठेव.” बहिणीकडे जाणाऱ्या बाईला हा काय सल्ला?

परीक्षाकेंद्रातल्या पोरीने खिसे उलटे करायला लावले, बाह्या वर करायला लावल्या. मनगटावरचा दोरा बघून हसली. तिच्याही हातात होता. “तो राहू दे, आजी,” म्हणाली. आजी! मग प्लॅस्टिकची वही दिली, एक मार्कर दिला, आणि मी कॉम्प्युटरपुढे बसले. दोन्ही बाजूंना पंचवीस-तीस वर्षांची पोरं.

इंग्रजीच्या भागाचं सोडाच. ते मला येणार नव्हतं आणि आलं नाही. मी गणितासाठी गेले होते.

सदतीसपैकी एकोणीस. एकोणिसाव्या प्रश्नावर असताना पडदा बंद झाला. अठरा प्रश्न मी पाहिलेसुद्धा नाहीत. बिल्यानाचे अकरा राहिले होते. आणि जे केले त्यांतलेही चुकले. एक होता: एन ही पूर्ण संख्या सम आहे का? पहिलं विधान, एनचा वर्ग विषम आहे. वर्ग विषम म्हणजे एन विषम, म्हणजे सम नाही. उत्तर ‘नाही’. पक्कं ‘नाही’. म्हणजे माहिती पुरेशी आहे. सातवीतलं पोर सांगेल. आणि मी, ‘नाही’ आलं म्हणून पुरेशी नाही असं दाबून बसले! घाबरले होते. मीच घाबरले होते.

शेवटी पडद्यावर आकडा येतो. ४३०. खाली लिहिलेलं, गणितात दर शंभरातले पंचाहत्तर जण तुमच्यापुढे. पस्तीस वर्षं, आणि पंचाहत्तर जण माझ्यापुढे.

जिन्यात बसून रडले. शेजारी बसलेलं एक पोरगं बाहेर आलं आणि पाण्याची बाटली माझ्याजवळ ठेवून गेलं.

शुक्रवार, २१ मार्च

आज सांगितलं.

ती आली, वही काढू लागली. मी म्हटलं, “वही राहू दे. मी ती परीक्षा कधी दिलेली नव्हती. परवा दिली. ४३० पडले. ७६५ मी मनाने लिहिले. आणि तुझे फेब्रुवारीतले ५४० माझ्यामुळे पडले, तुझ्यामुळे नाही. तू घाबरली नव्हतीस. मीच तुला थांबायचं नाही म्हणून शिकवलं. हे मला १८ फेब्रुवारीपासून माहीत आहे.”

एका दमात म्हटलं. मेतोदी दारात उभा होता, तो तिथेच राहिला.

बिल्याना म्हणाली, “मला माहीत होतं बाई.”

“काय माहीत होतं?”

“७६५ चं. नोव्हेंबरपासून. पहिल्या दिवसापासून.”

“कसं?”

ती हळूच म्हणाली, जणू मलाच लाज वाटू नये म्हणून, “त्या परीक्षेत गुण दहा-दहानेच वाढतात. शेवटी नेहमी शून्य असतं. ७६५ कुणालाच पडू शकत नाहीत.”

हे लिहिताना मी ही वही मागे चाळली. ५९०. ६१०. ५४०. ६८० हवेत. माझे ४३०. मीच लिहिलंय सगळं, माझ्या हाताने, चौकटीत एकेक आकडा. आकड्यांत आयुष्य काढलेली बाई मी, मला दिसलं नाही.

“मग तू माझ्याकडे का येत राहिलीस?”

“तुम्ही माझ्या बाई आहात ना,” ती म्हणाली. आणि मग पिशवीतून एक फाइल काढून टेबलावर ठेवली. आत माझ्या जाहिराती. घडी घातलेल्या, पट्ट्यांसकट. मी मोजल्या नाहीत, मेतोदीने मोजल्या. एकतीस. “लाचेझारकडची मुलं बेकरीपुढे उभी राहून फोटो काढत होती आणि हसत होती. मला ते बघवलं नाही. दिसेल ती काढत गेले. तुम्ही नव्या लावायचात, मी परत काढायचे. बाई, फार लावल्यात तुम्ही.”

बेकरीवालीचं काच पुसणं आठवलं. कोबी आठवला. १ मार्चला तिने मला दार उघडून दिलं होतं, आणि मी ते तिच्या तोंडावर लावून घेतलं. ८ मार्चला तर तिने लाचेझारचं नावही घेतलं, आणि मी ओरडले म्हणून गप्प बसली.

“तू मला सांगायचं होतंस,” मी म्हणाले.

“सांगितलं असतं तर तुम्ही शिकवणं बंद केलं असतं,” ती म्हणाली. ते खरं आहे.

शनिवार, २२ मार्च

औषधाच्या दुकानावरचा जिना चढले. आत सात-आठ मुलं होती. चारचौघांत बोलले होते, तर माफीही चारचौघांतच मागायला हवी. “जाहिराती तुम्ही फाडल्या नव्हत्या. मी न बघता बोलले. आणि माझे ७६५ खोटे होते, हे तुम्हा सगळ्यांना माहीतच आहे.”

एक मुलगा खाली मान घालून हसला. लाचेझार त्याच्याकडे असं बघत राहिला की तो गप्प झाला. मला म्हणाला, “बसा बाई.” मी म्हटलं, “बसायला वेळ नाही, सात दिवस राहिलेत. माझी एक मुलगी आहे, तिला थांबता येत नाही.” त्याने कपाटातून प्रश्नांचा गठ्ठा काढून दिला, आणि वेळ लावायचं छोटं घड्याळ. “थांबायला मलाही वर्ष लागलं होतं,” तो म्हणाला. तो चांगला माणूस आहे. हे लिहितानाही मला लाज वाटते.

मंगळवार, २५ मार्च

पेन काढून घेतलं तिचं. प्रश्न वाचायचा, हात मांडीवर ठेवायचे, आणि बोलायचं: पुरेसं की नाही? तिची बोटं आपोआप हवेत समीकरणं लिहायला लागतात. मी तिच्या हातावर चापट मारते. मग ती प्रश्न माझ्यापुढे धरते, आणि माझी बोटं टेबलावर चालायला लागली की तीही मला चापट मारते. मेतोदी म्हणतो, घरात दोन पोरी खेळतायत.

पंधरा वर्षांची सवय आहे, चार दिवसांत कुठून जाणार!

शुक्रवार, २८ मार्च

वीस प्रश्न, चाळीस मिनिटं, सतरा बरोबर. महिनाभर आधी सुरुवात केली असती तर?

हा प्रश्न सोडवायला माहिती पुरेशी आहे. म्हणून सोडवत नाही.

शनिवार, २९ मार्च

दुपारपासून फोनजवळ बसले. मेतोदी तीनदा कॉफी करून गेला. चारला वाजला.

“बाई, सगळे प्रश्न पाहिले. एकही राहिला नाही. चार मिनिटं उरली होती.”

“किती?”

“६७०.”

मागे सोफियाच्या रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येत होत्या. मग ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली. “शेवटी शून्यच असतं बघा.”

दहा गुण. त्या परीक्षेतली सगळ्यात लहान पायरी.

सोमवार, ३१ मार्च

अर्ज बंद झाले. कॉलेजने लिहिलंय, प्रवेश आहे, शिष्यवृत्ती नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा. ती आज बंदरात कामावर गेली. साहेबाने विचारलं म्हणे, “काय याद्यावाली, स्पेन?” तिने सांगितलं, “पुढच्या वर्षी.”

तिचं एक वर्ष मी खाल्लं. १८ फेब्रुवारीला मला सगळं कळलं होतं. १८ फेब्रुवारी ते २१ मार्च, एकतीस दिवस. दहा गुण त्या एकतीस दिवसांत होते, हे मला सिद्ध करता येणार नाही आणि सिद्ध करायची गरजही नाही. ती मला काही बोलत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

जर्दाळूला मोहोर आलाय. मनगटावरचा दोरा काढून फांदीला बांधला. बांधताना मनात काहीतरी मागायचं असतं; मला काही मागावंसं वाटलं नाही.

रविवार, ६ एप्रिल

नवी जाहिरात लिहिली. पहिल्यांदा ‘शाळेतला पस्तीस वर्षांचा अनुभव’ एवढंच लिहिलं होतं. मग वाटलं, हाही लपण्याचाच एक प्रकार. फाडून पुन्हा लिहिली.

‘बिझनेस कॉलेजांच्या प्रवेशपरीक्षेसाठी गणिताची तयारी. वासिल्का दोन्चेवा. स्वतः एकदा बसले, ४३० गुण. कुठे चुकतं ते नक्की सांगू शकेन.’

मेतोदीने चष्मा लावून वाचलं. “गोल आकडा आहे,” तो म्हणाला. “खोटा वाटेल.”

एकच प्रत लावली, बेकरीपुढच्या खांबावर. तीन ओळखीच्या बायका जवळून गेल्या, मी पाठ फिरवली नाही.

बुधवार, ९ एप्रिल

तीन दिवस त्या रस्त्याने गेलेच नाही. पावासाठी मेतोदीला पाठवत होते. आज स्वतः गेले.

कागद जागच्या जागी आहे. चारही कोपरे धड. आणि खालची एक पट्टी नाही. एकच.

आत जाऊन बेकरीवालीला विचारलं, “कुणी नेली, पाहिलंत का?” या वेळी तिने काच पुसली नाही.

“ती बंदराच्या कचेरीतली मुलगी. सकाळी कामावर जाताना. नीट दुमडून पाकिटात ठेवली,” ती म्हणाली. “पण तिच्याकडे तर तुमचा नंबर असेलच ना, बाई?”

“आहे,” मी म्हटलं. “पंधरा वर्षांपासून आहे.”

मागे रांग लागली होती. मला पाव काही घेता येईना.